कावळा शिवला, आता मी नास्तिक उरले का?

पत्र:

ताई नमस्कार,

मी 36 वर्षांची, डोंबिवलीला असते, नवरा आणि एक मुलगी. कॉलेजपासून मी देव मानत नाही. घरात सगळ्यांना माहितीये, त्यावरून भांडणं करून झाली, आता कोणी काही बोलत नाही. बाबा माळकरी होते, एकादशी कधी सोडली नाही, पण मला साधा नमस्कार कर म्हणून पण कधी जबरदस्ती केली नाही.

बाबा या वर्षी गेले. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या झाडावर चार-पाच बसलेले, पण खाली एक येईना. सगळे घोळका करून पिंडाभोवती उभे. भाऊ म्हणाला आईला अंतर देणार नाही, काका म्हणाले बांधाचं भांडण मिटवतो, तरी काही नाही. मग आत्याने मला पुढे ढकललं, "तुझ्यातच जीव अडकलाय त्याचा, तू बोल." गुरुजींनी बाकीच्यांना मागे व्हायला सांगितलं. मी हात जोडले आणि म्हणाले, बाबा, आईला मी माझ्याकडे घेऊन जाते, काळजी करू नका. आणि थोड्या वेळात कावळा आला. आत्या रडायलाच लागली.

परत येताना गाडीत भाऊ म्हणाला, "नास्तिकपणा ही पण श्रद्धाच असते गं. आमची देव आहे यावर, तुझी देव नाही यावर, प्रूफ दोघांकडे नाही. फिट्टंफाट." आमचा एक विवेकवादी मित्रांचा ग्रुप आहे, तिथे हे टाकलं तर सगळे म्हणाले की नास्तिकता म्हणजे फक्त श्रद्धा नसणं, बस एवढंच, नास्तिकता जर श्रद्धा असेल तर टक्कल हा केसांचा रंग झाला. हे मला पटलं. पण मग नदीवरचं सांगितलं तर एकाने लिहिलं, मग तू नास्तिक नाहीसच, भगतसिंगने फाशी समोर असताना हात जोडले नाहीत आणि तू कावळ्यासाठी जोडलेस.

मला खरंच कळेनासं झालंय. श्रद्धा की श्रद्धेचा अभाव? मी जे केलं ते ढोंग होतं का? वर्षश्राद्धाला भाऊ बसायला सांगतोय. आणि एक छोटंसं, जनगणनेत धर्म विचारतील तेव्हा काय लिहायचं असतं?

— एक वाचक

उत्तर:

अगं, आधी बाबांचं वाचून वाईट वाटलं. मुलीला नमस्कार करायची पण सक्ती न करणारा माळकरी बाप मिळायला नशीब लागतं (हो, नशीब म्हणतेय, तू मनावर घेऊ नकोस).

आता पहिला प्रश्न. उत्तर सरळ देते, फाटे नंतर फोडू. देव न मानणं हे मुळात न मानणंच आहे, श्रद्धा नाही, आणि भावाचं ते फिट्टंफाट चुकलंय. पण ग्रुपवाले जे 'बस एवढंच' म्हणतात ना, तेही पूर्ण खरं नाही, आणि तुझा जो घोळ झालाय तो भावामुळे कमी आणि त्या 'बस एवढंच' मुळे जास्त झालाय असं मला तरी वाटतं.

कसं ते बघ. एक माणूस म्हणतो, देव आहे असं तुम्ही म्हणताय, मला पटेल असं काही दिसलं नाही, म्हणून मी मानत नाही. त्याने स्वतः काहीच दावा केलेला नाही, तो फक्त तुमच्या दाव्यावर सही करत नाहीये. दुसरा म्हणतो, देव नाहीच, ती माणसाने केलेली कल्पना आहे. हा दावा झाला, आणि दावा केला की कारणं देणं आलं. आपण दोघांनाही नास्तिकच म्हणतो आणि मग एकाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याकडून मागत बसतो.

अँटनी फ्लू नावाच्या इंग्लिश तत्त्वज्ञाने 1972 मध्ये हे नीट वेगळं करून मांडलं. त्याचं म्हणणं असं की कोर्टात जसं आरोपीला आधी निर्दोष धरतात आणि गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षावर असते, तसंच देवाच्या बाबतीत सुरुवात न मानण्यापासून व्हावी आणि सिद्ध करायचं काम मानणाऱ्याने करावं. तुझ्या ग्रुपवर जे 'फक्त अभाव' फिरतं ना, ते बरंचसं तिथूनच झिरपत आलंय. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, 1772 मध्ये, फ्रान्समध्ये राहणाऱ्या बॅरन द'होल्बाखने लिहून ठेवलं होतं की सगळी लहान मुलं नास्तिकच असतात, त्यांना देव ही कल्पनाच नसते. हे वाचायला मजेशीर आहे पण मला नेहमी खटकतं, कारण पाळण्यातल्या बाळाचं 'न मानणं' आणि तू कॉलेजमध्ये घरच्यांशी भांडून, वाचून, विचार करून जे सोडलंस ते एकाच टोपलीत कसं टाकायचं? बाळाने काहीच सोडलेलं नाही गं. तू सोडलंयस.

आपल्या महाराष्ट्रात तर हा फरक लोकांनी स्टेजवर समोरासमोर बघितलाय. डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर गावोगाव एकत्र कार्यक्रम करायचे, वाद-संवाद असंच स्वरूप असायचं त्याचं. लागू उभे राहून सरळ म्हणायचे की परमेश्वर ही कल्पनाच सगळ्यात मोठी अंधश्रद्धा आहे, आता त्याला रिटायर करा. आणि त्याच स्टेजवर दाभोलकर अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका सांगायचे की देवा-धर्माबाबत समिती तटस्थ आहे, तुमच्या देव मानण्याला आमचा विरोध नाही, देवाच्या नावाने जे शोषण आणि फसवणूक चालते तिला आहे. विचार कर, एकाच चळवळीतली माणसं, एकच गाडी, एकच स्टेज, आणि एक 'देव नाही' हा दावा ठोकतोय आणि दुसरा म्हणतोय तो प्रश्न आमच्या अजेंड्यावरच नाही. लोक ऐकून घरी जाताना दोघांनाही नास्तिकच म्हणत असणार. पण तुझ्या भावाची अडचण असेल तर ती लागूंशी असेल, दाभोलकरांच्या त्या भूमिकेत त्याला धरायला काहीच सापडणार नाही.

बरं, लागूंचा तो दावा होता, मग ती श्रद्धा झाली का? इथे भावाची दुसरी चूक. मत असणं आणि श्रद्धा असणं यात त्याने काही फरकच ठेवला नाही. तुझ्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत मगर नाही असं तुझं ठाम मत असेल (नसेल तर सोसायटी बदल), पण त्याला आपण मगर-नसण्यावरची श्रद्धा म्हणत नाही. लागू कारणं देत होते, त्यावर लोक उठून प्रश्न विचारत होते, ते उत्तर देत होते, कारणं कच्ची वाटली तर सभेतला कोणीही तसं म्हणायला मोकळा होता. असं मत चूक असू शकतं, अगदी साफ चूक असू शकतं, तरी ते मतच राहतं. भावाला एकच विचार, भांडणाच्या सुरात नाही, साधं विचार, की काय दिसलं तर तू तुझं मत बदलशील? आणि मग तोच प्रश्न स्वतःला पण विचार, प्रामाणिकपणे. दोघांपैकी ज्याचं उत्तर 'काहीही दिसलं तरी नाही' असं येईल त्याच्याकडे श्रद्धा आहे, मग ती कुठल्या का बाजूची असेना. हो, असे नास्तिक पण असतात, मला भेटलेत, त्यांच्याशी बोलणं आणि एखाद्या कट्टर महाराजांच्या शिष्याशी बोलणं यात मला तरी काही फरक वाटला नाही.

त्या फ्लूचंच पुढे काय झालं माहितीये? आयुष्यभर नास्तिक म्हणून गाजलेला माणूस, 2004 मध्ये ऐंशी ओलांडल्यावर म्हणाला की विश्वामागे काहीतरी बुद्धी असावी असं मला आता वाटतं. चर्चमध्ये वगैरे गेला नाही, प्रार्थना ऐकणारा, पाप-पुण्य बघणारा देव त्याने मानला नाहीच, पण मत बदललं. नास्तिक मंडळी भडकली, म्हातारपणाने डोकं गेलं म्हणाली, धार्मिक लोकांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. माझ्या मते त्याची ती कारणं काही फार भक्कम नव्हती. पण युक्तिवाद पटला असं वाटलं आणि मत हललं, इतकं तरी दिसतं त्यात. भावाच्या फिट्टंफाटला याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

आता ते टक्कल. वाक्य चटपटीत आहे, मला पण आवडलं होतं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, पण जरा ताणून बघ. टक्कल पडलेल्या माणसाला कोणी दहाव्याला पुढे ढकलत नाही. टक्कल आहे म्हणून कोणी ग्रुप काढत नाही, आणि टोपी घातली म्हणून त्याला टकल्यांच्या ग्रुपमधून कोणी काढत पण नाही! तुझ्या मित्रांनी एका दमात दोन गोष्टी सांगितल्यात बघ. आधी म्हणाले नास्तिकता म्हणजे काहीच नाही, फक्त अभाव. आणि पुढच्या मेसेजला म्हणाले तू हात जोडलेस म्हणजे तू नास्तिक नाहीस. अरे, अभावाला नियम कुठून आले? जिथे काही नाहीच तिथे भ्रष्ट काय होणार? महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे 2016 चा, तो व्हॉट्सॲप ग्रुपला लागतो का बघायला पाहिजे.

गंमत सोड. त्यांच्याकडे नियम आहेत याचाच अर्थ त्यांच्याकडे अभावाच्या पलीकडे काहीतरी आहे, म्हणजे पुराव्याशिवाय मानायचं नाही, कर्मकांडाला हात लावायचा नाही, बोलणं आणि वागणं एक ठेवायचं वगैरे. ही सगळी मतं आहेत, मूल्यं आहेत, चांगली पण आहेत. तुझ्याकडे पण असणार. देवाच्या जागी अभाव असला तरी माणूस काही रिकामा नसतो, त्या अभावाला टेकू देणारी बरीच मतं आत असतात आणि ती माझी आहेत असं सांगायला लाजायचं कारण नाही. 'आमचं काहीच म्हणणं नाही' ही पळवाट आहे, वादात सोयीची पडते म्हणून वापरतात, आणि मग घरात कोणी गेलं की तिचा काही उपयोग होत नाही.

भगतसिंगांचं म्हणशील तर तुझ्या मित्राने अर्धंच सांगितलं. ऑक्टोबर 1930, लाहोरचा तुरुंग, त्यांनी 'मी नास्तिक का आहे' हा लेख लिहिला तो मुळात एका आरोपाला उत्तर म्हणून, की याचं देव न मानणं म्हणजे अहंकार आहे, प्रसिद्धी डोक्यात गेलीये. म्हणजे तेव्हाही लोक हेच करत होते बघ, कारणं बाजूला ठेवून माणसाच्या मनात काय रोग आहे ते शोधायचं. तुझ्या भावाने श्रद्धा शोधली, त्यांनी अहंकार शोधला होता. भगतसिंगांनी त्यावर कारणं मांडली, एकेक करून. आणि शेवटी शेवटी प्रार्थना करशील असं कोणीतरी म्हणालं तर त्यांचं उत्तर होतं की स्वतःच्या क्षुद्र स्वार्थासाठी मी प्रार्थना करणार नाही. स्वतःचा मृत्यू, स्वतःची प्रार्थना, स्वतःचा स्वार्थ. तू नदीवर कोणाकडे काय मागितलंस? तुझंच पत्र परत वाच. तू देवाचं नाव घेतलं नाहीस. तू बाबांशी बोललीस आणि त्यांना एक शब्द दिलास. बाप गेल्यावर मुलगी बापाशी बोलते, फोटोशी बोलते, त्यांच्या चष्म्याच्या डबीशी बोलते, यात ईश्वर आहे की नाही हा प्रश्न कुठे येतो? भगतसिंगांना त्यात ओढायचं काही कारण नव्हतं.

आणि कर्मकांड म्हणशील तर देव आणि कर्मकांड यांची गाठ आपल्याकडे वाटते तितकी घट्ट कधीच नव्हती. पूर्वमीमांसेवाले बघ, यज्ञ कसा करायचा, कुठला विधी आधी कुठला नंतर, याचा कीस काढणारी माणसं, पण जग निर्माण करणारा ईश्वर मानायची त्यांना गरज वाटली नाही, सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाने तर त्याच्या विरोधात युक्तिवाद केलेत. यज्ञाचं फळ यज्ञातूनच मिळतं, मध्ये देणारा कोणी लागत नाही असं त्यांचं म्हणणं. तरी ते आस्तिकांत मोजले जातात, कारण वेद मानत होते. दुसऱ्या टोकाला तुकोबा. देवाशिवाय ज्यांचा दिवस उगवला नाही तो माणूस 'भुके नाही अन्न, मेल्यावरी पिंडदान' असं पिंडदानालाच सुनावतो. तुझे बाबा माळकरी होते, त्यांनी हा अभंग म्हटला असेल की गं. आणि चार्वाकांचा टोला तर प्रसिद्धच आहे, चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी टिपून ठेवलाय, की इथे घातलेल्या श्राद्धाने मेलेल्याचं पोट भरत असेल तर प्रवासाला निघालेल्या माणसाला शिदोरी कशाला बांधून द्यायची, घरीच त्याच्या नावाने पान वाढा की. तर देव न मानता विधी करणारे आहेत, देव मानून विधी उडवून लावणारे आहेत, आणि दोन्ही उडवणारे आहेत, सगळे आपलेच. तू एका विधीला उभी राहिलीस म्हणून तुझं देवाबद्दलचं उत्तर बदललं असं कोणी म्हणत असेल तर त्याला या तिघांपैकी एकाच्याही घरी नीट जेवायला मिळणार नाही.

कावळ्याचं पण बोलून टाकू, नाहीतर ते मनात राहील. तूच लिहिलंयस की सगळे घोळका करून पिंडाजवळ उभे होते आणि गुरुजींनी त्यांना मागे व्हायला सांगितलं तेव्हा तू पुढे होतीस. अगं, एवढी माणसं बाजूला झाली! कावळा भलता सावध पक्षी, माणसांचे चेहरे सुद्धा ओळखतो आणि लक्षात ठेवतो, अमेरिकेत मुखवटे घालून प्रयोग केलेत त्यावर. घाटावरचा कावळा त्यात सकाळपासून पिंड खाऊन तट्ट झालेला असतो, सीझनला तर विचारू नकोस. भाऊ बोलला, काका बोलले, तू बोललीस, जो शेवटी बोलला त्याला क्रेडिट मिळालं, चौथं कोणी बोललं असतं तर त्याला मिळालं असतं. आणि कोणीच नाही जमलं तर गुरुजी दर्भाचा कावळा करून शिववतात आणि सगळे घरी जातात, म्हणजे परंपरेने सुद्धा सोय करून ठेवलीच आहे, कावळ्याच्या मूडवर कोणाचा मोक्ष टांगून ठेवलेला नाही.

आत्याला मात्र हे सांगायला जाऊ नकोस. त्यांचा भाऊ गेलाय.

ढोंग होतं का, तर नाही. मनात एक आणि लोकांना फसवायला दुसरं, म्हणजे ढोंग. तू जे बोललीस ते तुला करायचं होतं. मला खरी काळजी वेगळीच वाटते. भावाने शब्द दिला आईला अंतर देणार नाही, तू शब्द दिलास आईला घेऊन जाते, दोघांनी एकाच बाईबद्दल वेगवेगळं कबूल करून टाकलं आणि ती तिथेच उभी असेल ना? तिला कोणी विचारलं का? तिला डोंबिवलीला यायचंय का, तिची शेजारपाजारची माणसं, तिचं भजनी मंडळ, तिची देवपूजा, ती तुझ्या घरात देव्हारा मांडणार का आणि तू मांडू देणार का? तू नास्तिक आहेस की नाही यावर ग्रुपमध्ये रात्रभर चॅट करण्यापेक्षा हे बोलणं आधी कर, एकदा आईशी एकटीशी आणि मग भावाशी. माझं मत विचारशील तर मांडू दे देव्हारा, तिची खोली तिची.

वर्षश्राद्ध. बसलंच पाहिजे असं नाही आणि बसलीस तर बाटलीस असंही नाही. यात कायदा आणायची गरज नाही पण माहिती असू दे, घटनेच्या 25 व्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे आणि मुंबई हायकोर्टाने 2014 मध्ये स्पष्ट सांगितलंय की मला कुठलाच धर्म नाही असं म्हणायचा हक्क त्यात येतो, सरकार कोणाला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. गंमत म्हणजे ते अर्जदार नास्तिक नव्हतेच, येशूवर त्यांची श्रद्धा होती, फक्त धर्माचं लेबल नको होतं! नंतर जानेवारी 2015 मध्ये नाशिकच्या एका शिक्षकाच्या केसमध्ये, ते शाळेच्या प्रार्थनेला हात जोडत नव्हते म्हणून पगारवाढ अडवली होती, तिथेही कोर्ट शिक्षकाच्या बाजूने उभं राहिलं. म्हणजे हात न जोडायचा हक्क पक्का आहे. पण हात जोडायला बंदी कोणी घातलेली नाही, तुझ्या त्या मित्राने सुद्धा नाही.

मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं सांगू? भावाला म्हटलं असतं, संकल्प तू कर, पाटावर तू बस, मी त्या दिवशी सकाळपासून येते, स्वयंपाकाला हात लावते, बाबांच्या आवडीचं काय ते मी करते, आणि सगळे जेवायला बसले की बाबांबद्दल दोन शब्द मी बोलते. मंत्र माझ्याच्याने होणार नाहीत. बहुतेक घरात एवढ्यावर मिटतं. नाहीच मिटलं आणि भाऊ अडून बसला, तर आईकडे बघून अर्धा तास बसायचं की नाही हे तुझं तू ठरव, आणि जे करशील ते ग्रुपवर टाकू नकोस बाई, प्रत्येक गोष्टीला पंच नेमायची काय गरज आहे.

गांधीजींनी पण अशी तडजोड केली होती. गोरा म्हणून आंध्रातले पक्के नास्तिक कार्यकर्ते, त्यांच्या मुलीचं जातीबाहेरचं लग्न आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला लावायचं ठरलं, तेव्हा विधीत ईश्वराच्या जागी सत्याचं नाव घ्यायला गांधीजी तयार झाले होते. लग्नाआधीच त्यांचा खून झाला, पण मार्च 1948 मध्ये लग्न सेवाग्रामलाच लागलं. रामनाम घेणारा माणूस एवढं हलू शकतो तर तुझा भाऊ पण थोडा हलेल, विचारून तर बघ.

राहिली जनगणना. धर्माच्या रकान्यात तू जे सांगशील ते लिहून घेणं हे प्रगणकाचं काम आहे, 'नास्तिक' सांगितलंस तर नास्तिक, 'धर्म नाही' सांगितलंस तर तसं. 2011 ला अख्ख्या देशात जेमतेम 33 हजार लोक नास्तिक म्हणून नोंदले गेले, त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रातले, 9,652. आणि मजा बघ, हे नास्तिक मोजले कुठे, तर 'इतर धर्म आणि पंथ' या गटात! आणि 'धर्म सांगितला नाही' हा रकाना वेगळाच, त्यात 28 लाखांहून जास्त लोक. म्हणजे सरकारच्या तक्त्यात पण तुझा पहिला प्रश्न तसाच पडून आहे. नास्तिक लिहिलंस तर बाबांच्या घरातला तुझा हिस्सा जाईल असं कोणी घाबरवेल, तर ते खोटं आहे, हिंदू वारसा कायदा तुला तसाच लागू राहतो, त्यासाठी देव मानावा लागत नाही. फक्त एक कर, 2027 च्या मोजणीला स्वतः ऑनलाइन माहिती भरायची सोय ठेवलीये, ती वापर, कारण घरी माणूस आला आणि तू ऑफिसला असलीस तर नवरा सवयीने चौघांचं एकदम 'हिंदू' सांगून मोकळा होईल. हो, चौघांचं, आई आली असेल तर. तिचं मात्र तिलाच विचारून भर.